लोंबती साखळी अन्वस्त नव्हे

वर्गसमीकरणाच्या आलेखाची दैनंदिन उदाहरणे देताना उडवलेला चेंडू आणि कारंज्याची धार यांच्या जोडीला दोन टोकांना बांधलेली लोंबती साखळी हमखास सांगितली जाते. पहिली दोन उदाहरणे, हवेचा विरोध नगण्य मानल्यास, योग्य आहेत. तिसरे साफ चुकीचे आहे, आणि ते चुकीचे असल्याचे सिद्ध होऊन साडेतीनशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्याची पुनरावृत्ती थांबत नाही.

अन्वस्त म्हणजे ज्यात सर्वांत खालच्या बिंदूपासूनची उंची आडव्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते असा वक्र. मध्यापासून १, २, ३ एकके सरकल्यावर उंची १, ४, ९ होत असेल, तर प्रत्येक टप्प्यातील वाढ १, ३, ५ अशी असते आणि या वाढींमधला फरक कायम २ राहतो. साखळीच्या बाबतीत हा फरक टोकांकडे वाढत जातो, कारण तिचे वजन तिच्या लांबीवर समान वाटलेले असते. टोकांजवळ ती अधिक उभी असल्याने तेथील प्रत्येक आडव्या मीटरमध्ये साखळीची जास्त लांबी, म्हणजेच जास्त वजन, सामावते. या वक्राला कॅटेनरी म्हणतात.

गॅलिलिओचा दाखला देऊन साखळीला अन्वस्त ठरवणाऱ्यांनी त्याच्या १६३८ च्या ‘दोन नव्या विज्ञानां’वरील ग्रंथातील चौथ्या दिवसाचा संवाद पाहावा, तेथे साखळी अन्वस्ताच्या ‘जवळ’ जाते आणि झोळ जितका कमी तितकी अधिक जवळ जाते, एवढेच म्हटले आहे. ती अन्वस्त नसल्याचे क्रिस्तियान हायगेन्सने १६४६ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी दाखवले, आणि खरा वक्र १६९१ मध्ये लायब्निट्स, हायगेन्स व योहान बर्नुली यांनी शोधला.

छायाचित्रावर अन्वस्त ठेवून ‘तंतोतंत जुळते’ असा पुरावा देण्याची हौस तर निरर्थकच आहे. १० मीटर अंतरावर बांधलेल्या साखळीचा झोळ १ मीटर असेल, तर मध्य आणि टोके जुळवल्यावर दोन्ही वक्रांतील तफावत कोठेही सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त नसते, आणि ती डोळ्यांना दिसणे शक्य नाही. झोळ ५ मीटर केल्यास मात्र हीच तफावत सुमारे २५ सेंटीमीटरपर्यंत जाते. झुलत्या पुलाचा दोर हे वेगळे प्रकरण आहे. गोल्डन गेटसारख्या पुलात दोराला रस्त्याचे वजन पेलावे लागते, हे वजन आडव्या अंतरावर जवळजवळ समान वाटलेले असते आणि म्हणून तो दोर अन्वस्ताच्या फार जवळ राहतो. येथून साखळीकडे उडी मारणे म्हणजे कारण न पाहता आकारावर विसंबणे होय.

अरुंद आणि पसरट अन्वस्त वेगळ्या आकाराचे असतात, हाही असाच एक भ्रम: सर्व अन्वस्त समरूप असतात, त्यामुळे बॅटरीचा खोलगट परावर्तक ज्या अन्वस्तावर बेतलेला आहे त्याचा मध्यभाग पुरेसा मोठा केला की खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकडीचा वक्र मिळतो. ४५ अंशांत फेकलेली वस्तू सर्वांत दूर जाते, हे फेकीची व पडण्याची पातळी एकच असेल आणि हवेचा विरोध नसेल तरच खरे. गोळाफेकीत हात जमिनीपासून उंच असल्याने तेथे तो कोन कमी असतो. वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लागल्यानंतरचे अंतरही दुप्पट होते, ही समजूत मात्र जिवावर बेतणारी आहे, कारण ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला, रस्ता आणि ब्रेक तेच असताना, ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत चौपट अंतर लागते.