जुन्या हॅचबॅक मोटारीचे घरगुती रूपांतरण

जुन्या हॅचबॅक मोटारीचे घरगुती रूपांतरण म्हणजे दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ वापरल्या गेलेल्या लहान मोटारीत मालकाने स्वतःच्या अंगणात, अथवा ओळखीच्या गॅरेजात मिस्त्रीच्या मदतीने, मर्यादित खर्चात केलेले फेरबदल होत. बोलीत यास ‘गाडी मॉडिफाय करणे’ असे म्हणतात. मागील काचेसह वर उचलले जाणारे दार ज्या मोटारीस असते, तीस हॅचबॅक म्हणतात. मारुती ८००, झेन, अल्टो, सँट्रो, इंडिका ही त्याची भारतातील परिचित उदाहरणे होत.

दुरुस्ती मोटारीस तिच्या मूळ स्थितीकडे नेते, तर रूपांतरण मालकाच्या गरजेकडे किंवा हौसेकडे नेते. हा भेद पुस्तकी आहे. प्रत्यक्षात थोडक्या पैशांतील रूपांतरणाचा मोठा भाग राहून गेलेल्या दुरुस्तीचाच असतो, आणि ही गोष्ट मान्य न केल्यामुळेच बहुतेक प्रयत्न फसतात. प्रस्तुत लेखात मराठवाड्यातील लातूर (एमएच २४) व नांदेड (एमएच २६) या जिल्ह्यांतील हवामान, पाणी व रस्ते लक्षात घेऊन या विषयाचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

भारतात मध्यमवर्गाच्या दारी मोटार आणण्याचे श्रेय मुख्यत्वे मारुती ८०० या मोटारीस दिले जाते. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मोटारीची किल्ली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ग्राहकास देण्यात आली. ७९६ घन सेंटिमीटर क्षमतेचे तीन सिलिंडरचे इंजिन, बारा इंची चाके आणि साधी, हाताला सहज सापडणारी यंत्ररचना ही तिची वैशिष्ट्ये. १९८६ मध्ये तिचे गोलसर रूप आले. १९९३ मध्ये झेन, १९९८ मध्ये सँट्रो व इंडिका आणि २००० मध्ये अल्टो बाजारात आली. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तोवर अशा पंचवीस लाखांहून अधिक मोटारी तयार झाल्या होत्या.

यांपैकी पुष्कळ मोटारी मोठ्या शहरांतील पहिल्या मालकाकडून तालुक्याच्या गावी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे आल्या. नवी मोटार घेण्याची ऐपत नाही, पण कुटुंबास पावसात दुचाकीवर न्यायचे नाही, अशा घरांतून या मोटारी आजही चालतात. सुटे भाग स्वस्त, आणि कोणताही मिस्त्री डोळे मिटून इंजिन उतरवू शकतो, ही त्यांची खरी पुंजी आहे.

कायद्याची चौकट

घरगुती रूपांतरणाचा विचार पान्यापासून नव्हे, तर नोंदणी प्रमाणपत्रापासून सुरू करावा लागतो. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही, की ज्यामुळे प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवून दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात या कलमाचा हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ नव्या स्वरूपात आणण्यात आले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास त्यानुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा, की मोटारीचा सांगाडा कापणे, टप काढून टाकणे, नोंदीपेक्षा वेगळ्या क्षमतेचे इंजिन बसवणे या गोष्टी घरगुती प्रयोगाच्या कक्षेत येत नाहीत. इंधन बदलायचे असल्यास मान्यताप्राप्त सीएनजी किंवा एलपीजी संच अधिकृत केंद्रातून बसवून त्याची नोंद प्रादेशिक परिवहन कार्यालयात करावी लागते. स्वयंपाकाचा सिलिंडर मागच्या आसनाखाली ठेवून गाडी चालवण्याचा प्रकार एकेकाळी सर्रास चाले. तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय त्यात बसलेल्यांच्या जिवाशी खेळ आहे. रंगाची नोंद प्रमाणपत्रात असते, म्हणून संपूर्ण रंग बदलण्यापूर्वी कार्यालयास कळवावे. पुढील व मागील काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. पुढे लावल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डच्या विरोधात केंद्रीय परिवहन मंत्रालयाने २०१७ मध्ये राज्यांना पत्र पाठवले होते. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांनाही महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी आवश्यक आहे. त्यामुळे ‘दादा’, ‘काका’ असे वाचता येतील अशा आकड्यांच्या पाट्यांची हौस आता इतिहासजमा व्हावी.

कल्पकता आणि कायदा यांची गाठ कशी पडते, याचे उदाहरण सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी पाहावयास मिळाले. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील सुटे भाग जमवून सुमारे ६०,००० रुपयांत एक छोटी चारचाकी तयार केली. ती दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, परंतु नियमांत बसत नसल्याने ही गाडी आज ना उद्या अडवली जाईल, हेही सांगितले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार यांनी ती स्वीकारली. प्रत्येक कारागिराच्या दारी असा गुणग्राहक येत नाही. म्हणून बदल निवडतानाच मर्यादा ओळखलेली बरी.

उष्णता, धूळ आणि पाणी

लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा हवेत जुन्या मोटारीचा पहिला शत्रू उष्णता हाच असतो, आणि तिच्याशी चार हात करताना पाण्याचा प्रश्न आपोआप येतो. दख्खनच्या बेसाल्ट खडकातील विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. ज्या भांड्यात असे पाणी रोज उकळते, त्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तोच थर रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतो. हा थर उष्णतेचा मंदवाहक असल्यामुळे पाणी फिरत असूनही इंजिन तापत राहते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूर शहरात टँकरचे किंवा बोअरचे पाणी रेडिएटरमध्ये ओतले जाणे स्वाभाविक होते. तथापि रेडिएटरला लागणारे पाणी मोजक्या लिटरांचे असते, आणि तेवढ्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व कूलंट घेणे कोणासही परवडण्याजोगे आहे.

म्हणून रूपांतरणाचा पहिला खर्च दिव्यांवर वा चाकांवर न करता रेडिएटर उतरवून स्वच्छ करणे, रबरी नळ्या बदलणे आणि दाबाचे झाकण नवे बसवणे यांवर करावा. झाकण दाब टिकवून धरते. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदू वाढतो. सैल झाकणाची गाडी म्हणजे शिट्टी न धरणारा कुकर. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. त्याने तात्पुरता दिलासा मिळतो, पण हिवाळ्यात इंजिन योग्य तापमानास पोहोचत नाही आणि पेट्रोल अधिक लागते. तो खराब असेल तर बदलावा, काढून टाकू नये.

प्रवाशांच्या सुखासाठी टपाचा रंग पांढरा ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय होय. पांढरा पृष्ठभाग सूर्यप्रकाश मोठ्या प्रमाणात परावर्तित करतो. टपाचे आतील अस्तर उतरवून त्यामागे बंद छिद्रांचा फोम चिकटवल्यास उष्णता व पावसाचा आवाज दोन्ही कमी होतात. हे काम दोन माणसे एका सुट्टीच्या दिवशी करू शकतात. गाडी उभी असताना काचेमागे परावर्तक पडदा लावावा. मूळ वातानुकूलन नसलेल्या मारुती ८०० मध्ये ते नव्याने बसवण्याचा मोह मात्र आवरावा. चार गिअरच्या या मोटारीचे इंजिन सुमारे ३७ अश्वशक्तीचे आहे. त्यातील काही शक्ती कॉम्प्रेसरला दिल्यावर भरलेली गाडी चढावर रडू लागते.

काळ्या मातीची धूळ हवेच्या फिल्टरमध्ये लवकर भरते. तो कंपनीच्या पुस्तिकेतील मुदतीपेक्षा लवकर झटकावा व बदलावा.

विद्युतजोडणी

घरगुती रूपांतरणात आग लागण्याचा सर्वाधिक धोका येथे असतो, त्यामुळे हा भाग थोडा विस्ताराने पाहणे इष्ट. जुन्या मोटारीचे पुढचे दिवे मिणमिणतात अशी तक्रार असते आणि त्यावर अधिक वॅटचे बल्ब बसवले जातात. ६० वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर एकूण १० अँपिअर प्रवाह घेतात. त्यांच्या जागी १०० वॅटचे दोन बसवले, तर हा प्रवाह सुमारे १६.७ अँपिअर होतो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा जूलचा नियम दहावीच्या विद्यार्थ्यासही माहीत असतो. त्यानुसार तीच तार आता पूर्वीच्या सुमारे पावणेतीन पट तापते. वीस वर्षांच्या उन्हाने कडक झालेले तारेवरील आवरण मग वितळते. परीक्षेत या नियमावर पैकीच्या पैकी गुण मिळवणारे हात गाडीपाशी आल्यावर तो कसा विसरतात, हे एक कोडेच आहे.

वास्तविक दोष बहुतेकदा बल्बचा नसतो. बटणातून फिरून येणारी लांब तार आणि गंजलेली अर्थची जोडणी यांमुळे बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टता पोहोचत नाही. व्होल्टता दहा टक्क्यांनी घटली, तर तंतूच्या बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. त्यामुळे मूळ क्षमतेचेच बल्ब ठेवून, बॅटरीपासून थेट जाड तार घेऊन मध्ये रिले बसवावा आणि अर्थच्या जोडण्या घासून स्वच्छ कराव्यात. प्रकाशातील फरक त्याच रात्री दिसतो. बॅटरीपासून निघणाऱ्या प्रत्येक नव्या तारेवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ फ्यूज असलाच पाहिजे. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार वा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद घालणे म्हणजे पहारेकऱ्यास झोपेची गोळी देणे होय. तारा पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी डाख द्यावा किंवा कनेक्टर वापरावा. हे काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी.

तंतूच्या बल्बसाठी घडवलेल्या परावर्तकात स्वस्त एलईडी बसवल्यास प्रकाशझोत विस्कटतो. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड या मार्गावर रात्री समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे त्याने दिपतात. टेप, स्पीकर वगैरेंबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही; वरील नियम त्यांनाही लागू आहेत.

चाके आणि स्प्रिंग

रुंद व मोठी चाके हा रूपांतरणातील सर्वांत लोकप्रिय, आणि बहुधा सर्वांत कमी विचारपूर्वक केलेला खर्च असतो. मारुती ८०० च्या टायरचे माप १४५/७० आर १२ असे असते. यातील १४५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ७० ही रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली बाजूची उंची आणि १२ हा रिमचा इंचांतील व्यास. यावरून चाकाचा एकूण व्यास ३०४.८ + (२ × १०१.५) म्हणजे सुमारे ५०८ मिलिमीटर येतो. त्याऐवजी १५५/६५ आर १३ हे माप घेतल्यास व्यास सुमारे ५३२ मिलिमीटर, म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास अधिक होतो. परिणामी वेगमापकावर ६० दिसत असताना गाडी प्रत्यक्षात ६३ च्या जवळ धावते, उचल मंदावते आणि चाक मडगार्डला घासू शकते. टाटा नॅनोच्या मागील चाकांना असलेले १५५/६५ आर १२ हे माप व्यासाने मूळ मापाशी जवळजवळ जुळते. मात्र रिमची रुंदी त्यास पुरेशी आहे का, हे टायर विक्रेत्याकडून तपासून घ्यावे लागते. पैसे बेताचे असतील, तर मूळ मापाचे चार नवे टायर आणि एक विश्वासू स्टेपनी यांहून चांगला बदल नाही.

गाडी खाली बसलेली दिसावी म्हणून स्प्रिंगचे वेढे कापण्याची पद्धत घातक आहे. कापलेली स्प्रिंग ताठ होते, उसळीत जागेवरून सरकू शकते, आणि गावोगावच्या गतिरोधकांवर गाडीचे पोट घासते. ब्रेक व स्टिअरिंग यांना घरी हात लावूच नये.

पत्रा, रंग आणि अंतर्भाग

कोकणच्या तुलनेत मराठवाड्याची हवा कोरडी असल्याने येथील पत्रा अधिक टिकतो. परंतु काळी चिकणमाती मडगार्डच्या आतील कोपऱ्यांत बसून राहते, ओलावा धरते आणि गंज आतून सुरू होतो. पावसाळा संपताच चाके काढून ती माती खरवडून काढावी. दारांच्या तळाशी पाणी निघण्यासाठी असलेली छिद्रे मोकळी करावीत. नवख्या माणसाच्या हातून ती रंगाने किंवा लांबीने बुजतात आणि वर्षभरात दार खालून सडते.

गंज घासून चकचकीत पत्रा लागेपर्यंत जावे, प्राइमर द्यावा, खोलगट भागी पातळ लांबी भरावी, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने क्रमाक्रमाने बारीक होत जावे आणि मगच रंग फवारावा. लहान भागासाठी फवारणीचे डबे पुरतात. हार्डनर मिसळून वापरण्याच्या रंगांत आयसोसायनेट असते आणि ते श्वसनमार्गास अपाय करते. कापडी रुमाल त्यापासून बचाव करीत नाही. असे काम रंगशाळेकडे सोपवावे व घासकाम घरी करून मजुरी वाचवावी.

आत आसनांवर नवे कुशन व कव्हर चढवणे स्थानिक कारागिराकडून स्वस्तात होते. अनेक जुन्या मोटारींच्या मागील आसनास पट्टे नसतात. सांगाड्यातील बोल्टच्या मूळ जागा शोधून तेथे प्रमाणित पट्टे बसवणे हा दिखाऊ नसलेला, पण मुलांना मागे बसवणाऱ्या कुटुंबाने सर्वांत आधी करावा असा बदल आहे.

नोंदणीचे नूतनीकरण

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. दिल्ली परिसरात जुन्या वाहनांवर घातलेली वयाची बंदी मराठवाड्यास लागू नाही; तरीही ‘पंधरा वर्षे झाली, आता भंगारात’ असे सांगून गाडी कवडीमोलाने घेणारे दलाल आढळतात. मोटारीसाठी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाले, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या मोटारींसाठी ते दुप्पट करण्यात आले. याशिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. ही रक्कम रूपांतरणाच्या अंदाजपत्रकात प्रथमच बाजूला काढून ठेवावी. तपासणीच्या वेळी दिवे, भोंगा, सायलेन्सर व काचा मूळ स्वरूपात असाव्या लागतात. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग भंगारवाल्यास न देता, कागदात गुंडाळून व त्यावर नाव लिहून, माळ्यावर जपून ठेवण्याची पद्धत जाणकार मालक पाळतात.