तरवड दारात लावावा

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की वाटेत तामलवाडी लागते. कोजागरीला हजारो माणसं याच रस्त्याने पायी आई तुळजाभवानीच्या दर्शनाला जातात. पाऊस ओसरल्यावरच्या त्या दिवसांत बांधाकडेला, मुरमाड माळावर, जिथे गवतही धड धरत नाही तिथे, हळदीसारखी पिवळी झुडपं फुललेली असतात. हा तरवड. नवरात्रात घटावर त्याच्या फुलांची माळ चढते. तेलंगणात याच फुलाला तंगेडू म्हणतात. तिथल्या बतुकम्मा सणातल्या फुलांच्या रचनेत त्याचा मान मोठा आणि आज ते त्या राज्याचं राज्यफूल आहे. १९५६ पर्यंत आपला, तुळजापूरचा, जिल्हा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते, तेव्हा हे फूल दोन्हीकडच्या देवीला चालावं यात नवल नाही.

माळेसाठी मात्र आपण माळच धुंडाळतो. रस्ते रुंदावले, पडीक रानं नांगराखाली आली, तसा तरवड मागे सरतो आहे. तो दारात का लावू नये? उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावात गुलाबाचा हट्ट धरण्यापेक्षा हे झुडूप कितीतरी शहाणपणाचं.

त्याचं फूल एकदा अगदी जवळून पाहाच. पाच पाकळ्या आणि दहा पुंकेसर; त्यांतले वरचे तीन वांझ, तर खालचे लांब आणि बाकदार. या फुलात मध नसतो. भेट द्यायची ती परागाचीच, पण तीही सहज हाती लागत नाही, कारण परागकोश उभा फाटत नाही, त्याच्या टोकाला फक्त बारीक छिद्र असतं. मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसरांना मिठी मारतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो. आवाज एकदम चढतो आणि त्या कंपनाने पराग छिद्रातून उसळून बाहेर पडतो. काही पराग भुंगा पिल्लांसाठी नेतो, काही त्याच्या अंगाला चिकटून पुढच्या फुलाच्या स्त्रीकेसरापर्यंत पोहोचतो. मधमाशीला हे थरथरवणं जमत नाही. म्हणून ज्या गावात भुंग्यांना पोखरायला जुनं वाळकं लाकूड उरत नाही, तिथे तरवड फुलेल, पण शेंगा कमी धरेल.

दुष्काळात तो टिकतो तो मुळांच्या जोरावर. सोटमूळ खडकाच्या भेगांतून खोल उतरतं. पानं लहान लहान दलांत विभागलेली असल्यामुळे ती उन्हात लवकर तापत नाहीत. सालीत सुमारे १८ टक्के टॅनिन असतं. कातडी कमावणारे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हीच साल वापरत आले. पाल्याला शेळीसुद्धा सहसा तोंड लावत नाही, त्यामुळे कुंपण नसलेल्या अंगणातही तो वाचतो. एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. शेंगवर्गीय असला तरी तरवडाच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. जमीन सुपीक होईल या आशेने तो लावू नये, फुलासाठी लावावा.

माळावरचं झाड उपटून आणू नका. सोटमूळ तुटलं की ते जगत नाही. चपट्या, कागदासारख्या पातळ शेंगा वाळून तपकिरी झाल्या की बी काढून ठेवा. कवच टणक असतं. पाणी उकळून चुलीवरून खाली उतरवा, त्यात बी टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी जे फुगलेलं दिसेल तेच पेरा, न फुगलेलं वाळूवर हलकं घासून पुन्हा भिजवा. पहिल्या पावसाच्या सुमाराला थेट जागेवर टोकणं सर्वांत बरं. पिशवीत रोप केलंच तर मूळ पिशवीच्या तळाला वळायच्या आत लावून टाका. जागा भर उन्हाची हवी. काळी जमीन असेल तर मुरूम घालून उंचवटा करा, कारण तरवडाला तहान सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. शेणखताचा मारा नको. पहिला उन्हाळा आठवड्याला तांब्याभर पाणी घाला, नंतर त्याचं तो बघतो. फुलोरा सरला की फांद्या थोड्या छाटा, झुडूप भरगच्च होतं.

रोपवाटिकेत ‘कॅशिया’ म्हणून भलतंच परदेशी झाड हाती पडू शकतं. खूण सोपी आहे: तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद उपपर्णं असतात आणि दलांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी. त्या ग्रंथींतून गोडसर रस झिरपतो, म्हणून झाडावर मुंग्यांची ये-जा असते. मुंग्या पाहून पावडर टाकू नका. पानं कुरतडलेली दिसली तर निरखून पाहा. मधल्या शिरेला चिकटून हिरवी अळी बसलेली असेल, माळावर भिरभिरणाऱ्या त्या फिकट पांढऱ्या किंवा पिवळ्या फुलपाखरांची. तिने खाल्लेली पानं पुढच्या पावसात परत येतात, तिला तिथेच राहू द्या.