देवीनेही घर बदललंय

मुंबईत भाड्याच्या खोल्या बदलून दमलेल्यांनी एकदा मुंबादेवीला जाऊन यावं. तिलाही बिऱ्हाड हलवावं लागलंय. आज ती झवेरी बाजाराला खेटून, काळबादेवी-भुलेश्वरच्या कल्लोळात बसलेली दिसते. पण तिचं जुनं देऊळ होतं बोरीबंदरला. अठराव्या शतकात इंग्रजांना कोटाभोवतीची जागा मोकळी हवी झाली आणि देवीला उठावं लागलं. त्या परिसरात पुढे १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या नावाचं स्टेशन झालं, तेच आजचं सीएसएमटी. पण तिथलं बायकांचं राज्य काही संपलं नाही. स्टेशनच्या मोठ्या घुमटाच्या टोकाला बघा, हातात मशाल धरून एक बाई उभी आहे. देवी नव्हे, राणीही नव्हे. ती 'प्रगती'. ८.१२ची फास्ट पकडणाऱ्याला मान वर करायला वेळ असेल तर दिसते.

शहराला नाव देवीचं, हे आपण शाळेपासून ऐकतो. दंतकथा मात्र जरा घोटाळा करते. मुंबारक नावाचा दैत्य लोकांना छळायचा. देवीने त्याला लोळवलं, तेव्हा तो पायाशी येऊन म्हणाला, तुझ्या नावात माझं नाव राहू दे. देवी दयाळू, ती हो म्हणाली. आता कथा खरी धरायची तर आपण पाकिटावर पत्ता लिहितो तेव्हा दैत्याचंच नाव गिरवतो! माझा कौल अर्थात 'मुंबा' अधिक 'आई' याच हिशेबाला. कोळ्यांची ती आई, आणि कोळी इथले पहिले रहिवासी. १९९५ साली बॉम्बेचं अधिकृत मुंबई झालं, तेव्हा मराठी माणसाला नवीन असं काहीच कळलं नाही. हायकोर्ट मात्र इंग्रजीत अजून बॉम्बेच आहे.

जायचं कसं? मध्य रेल्वेने आलात तर मशीद, पश्चिमेने आलात तर मरीन लाइन्स. भुयारी मेट्रोचं काळबादेवी स्टेशनही आता जवळ पडतं. या मेट्रोवर देव्यांची चांगलीच सोय आहे: शितळादेवी, महालक्ष्मी, काळबादेवी, तिघींची स्टेशनं एकाच मार्गावर. लोकलच्या एल्फिन्स्टन रोडचंही २०१८ मध्ये प्रभादेवी झालं. आणि जिच्यावरून शहराचं नाव पडलं तिचं काय? तिच्या नावाचा विधानसभा मतदारसंघ आहे. स्टेशनसाठी, म्हणजे मरीन लाइन्सचं मुंबादेवी करण्यासाठी, २०२४ मध्ये विधिमंडळाने ठराव केला. घर हलवायला लावताना कुणी इतका कागद केला होता का, कोण जाणे.

देवळापर्यंतची गल्ली म्हणजे अर्धी यात्रा. मागून 'बाजू, बाजू' ऐकू आलं की वळून बघू नका, आधी भिंतीला चिकटा. तो हातगाडीवाला थांबणार नाही, थांबला तर गाडी पुन्हा हलवणं अवघड. एका अंगाला तांबा काटा, दुकानाबाहेर घागरी-बंबांची उतरंड. दुसऱ्या अंगाला झवेरी बाजार. इथली सगळ्यात मजेची जात म्हणजे झारेकरी. सोनारांच्या कारखान्यांतला, त्यांच्या दारातला केर झाडून नेतात आणि धुतात. सोनं जड, ते तळाशी राहतं. माती पाण्याबरोबर जाते. आपण ज्या धुळीला नाक मुरडून पुढे जातो, तिच्यावर कुणाची चूल पेटते. हे कळल्यापासून त्या गल्लीत चप्पल झटकताना माझा हात जरा जड होतो.

गाभाऱ्यात देवीचा शेंदरी चेहरा, डोक्यावर चांदीचा मुकुट, नाकात चमकी, गळ्यात सोन्याचा हार. पण बघायचं ते तिचं वाहन. ते रोज बदलतं! डोंबिवलीच्या मावशीला घेऊन गेले होते तेव्हा ती रांगेतच कुजबुजली, "कोंबड्यावर गं कशी? मी तर सिंहावर बघितली होती."

पुजाऱ्याने हारांच्या ढिगातून मान वर न करताच सांगितलं, "ती रविवारची, आजी. आज बुधवार."

मंगळवारी हत्ती, गुरुवारी गरुड, शुक्रवारी हंस, शनिवारी परत हत्ती. एवढी वाहनं बाळगणारी मुंबईकरीण दुसरी नसेल, आणि तीही अशा गल्लीत, जिथे स्कूटर लावायला जागा मिळत नाही. मावशीचं समाधान झालं नाहीच. "कोंबड्याचं घरी सांगू नकोस," म्हणाली. का, ते मला अजून कळलेलं नाही.

महालक्ष्मीची कथा उलटी. मुंबादेवीला जागा सोडावी लागली, महालक्ष्मी समुद्रातून वर आली. गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात वरळीच्या खाडीला बांध घालायचं काम चाललं होतं आणि तो पुन्हा पुन्हा कोसळत होता. आख्यायिका अशी, की कामावरच्या रामजी शिवजी प्रभूंच्या स्वप्नात देवी आली: मी पाण्यात आहे, आधी मला काढ. तीन मूर्ती निघाल्या आणि बांध टिकला. महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती शेजारी शेजारी बसल्या. आजचं देऊळ धाकजी दादाजींनी १८३१ मध्ये बांधलं. दिवसभर दिसतात ते मुखवटे. ते उतरवलेलं मूळ रूप बघायचं तर रात्री जावं लागतं. एक सावधगिरीची सूचना: देवळासाठी लोकलच्या महालक्ष्मी स्टेशनवर उतरलात तर समोर देवी नाही, धोबीघाट दिसेल. देऊळ तिथून बरंच लांब, समुद्राच्या कडेला आहे.

तिथे देवळामागच्या भिंतीला नाणं दाबून धरायचं. चिकटलं तर मनातलं होतं म्हणतात. माझं रुपयाचं नाणं तीनदा पडलं. चौथ्यांदा उचललं आणि मागच्या टपरीवर मुगाच्या भज्यांच्या पैशांत घातलं.