खेळातलं प्लास्टर, डोंगरगावची हाडं

संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात वह्या-पुस्तकं घ्यायला गेलेली मुलं हल्ली एका खोक्यापाशी हमखास अडतात. आत प्लास्टरची वीट, इवलीशी छिन्नी-हातोडी आणि ब्रश. वीट खरवडली की डायनोसॉरचा प्लास्टिकचा सांगाडा हाती येतो. खेळ छान आहे, जरूर घ्यावा. वीट आधी ओली करावी, म्हणजे धूळ नाकात जात नाही. तीन वर्षांखालच्या भावंडांना मात्र बारीक तुकड्यांपासून लांब ठेवावं.

पण खऱ्या उत्खननात प्लास्टरचं काम नेमकं उलटं असतं. तिथे ते फोडायचं नसतं, चढवायचं असतं. कोट्यवधी वर्षं दगडात राहिलेलं हाड उघडं पडलं की भेगाळतं. म्हणून ते जागेवर पूर्ण मोकळं करत नाहीत. भोवती चर खणतात, हाडाला ओला कागद लावतात आणि प्लास्टरमध्ये बुडवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या गुंडाळतात, मोडलेल्या हाताला घालतात तसं. उचलण्याआधी प्रत्येक हाडाची जागा आणि दिशा नकाशावर टिपतात. प्राणी तिथेच मेला की पाण्यानं वाहून आला, याचा माग त्यातून लागतो. घरीही मुलाला तुकडा काढण्याआधी त्याचं चित्र काढायला लावावं.

संभाजीनगरात अंगण खोदून डायनोसॉर सापडणार नाही. वेरूळचं कैलास ज्यात कोरलं तो काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर. तप्त लाव्हात हाडं कुठून टिकणार? ती मिळतात या थरांखालच्या ‘लॅमेटा’ नावाच्या गाळात, आणि तो चंद्रपूरकडे उघडा पडलाय. तिथल्या डोंगरगावी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांना एका लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरची हाडं मिळाली. १९९७ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध झालं. आज तो ‘इसिसॉरस’ म्हणून ओळखला जातो.

जवळच्याच पिसदुऱ्याची गोष्ट मला त्याहून मोलाची वाटते. तिथे शेतांत दगड झालेली विष्ठा सापडते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांना तिच्यात गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण दिसले. २००५ साली ते संशोधन प्रसिद्ध झालं. गवत डायनोसॉरांनंतर आलं, हा तोवरचा समज त्यानं मोडला. मुलं हाड मिळताच उरलेला चुरा फेकून देतात. संच बनवणाऱ्यांनी त्या चुऱ्यात अशा विष्ठेचा एक गोळाही जरूर दडवावा.