कोऱ्या चहाचा बर्फ

उन्हाळ्यात घरी गार काहीतरी करून खाण्याची आपली हौस जुनी, पण चहाला त्यात जागा मिळायला फार वेळ लागला. मुंबईत बर्फ आला तो १८३०च्या दशकात, बोस्टनहून जहाजाने. तिकडच्या गोठलेल्या तळ्यांतून कापलेला. पुढे इथेच कारखाने निघाले आणि बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून गल्लीबोळांत पोचू लागली. माझ्या लहानपणीचा मे महिना त्या लादीचाच. लाकडी बादली, मधे आटवलेल्या दुधाचा डबा, भोवती बर्फाचा चुरा आणि खडेमीठ. दांडा फिरवायला मुलांच्या पाळ्या लावलेल्या. मिठामुळे बर्फ वितळताना शून्याच्या बराच खाली उतरतो, म्हणून आतलं दूध गोठतं. चहा मात्र तेव्हा स्टोव्हवरून थेट कपात.

गोदरेजने १९५८ साली देशी फ्रिज काढला, तरी आमच्यासारख्यांच्या स्वयंपाकघरात तो यायला ऐंशीचं दशक उजाडलं. मग ट्रेमध्ये कोकम सरबत, पन्हं, आंब्याचा रस, जे हाती लागेल ते गोठवायचं. खडे दगडासारखे व्हायचे. चोखून चोखून रंग नि साखर निघून जायची आणि तोंडात नुसतं पाणी उरायचं.

ती अडचण सुटली सिसिलीतल्या ग्रानितामुळे. तिकडे लिंबू, बदाम, कॉफी यांचा असाच रवाळ बर्फ करतात. युक्ती दोनच गोष्टींची: साखर बेताची हवी आणि गोठताना ढवळायला हवं. साखरेमुळे सगळं पाणी एकदम गोठत नाही, ढवळल्यामुळे मोठे खडे धरत नाहीत. बादलीत मीठ बाहेरून जे करायचं, त्यातलंच थोडं साखर आतून करते.

गेली कित्येक वर्षं आमच्याकडे हा चहा असा होतो. लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम साखर, गवती चहाच्या चार पाती आणि आल्याचा तुकडा घालून उकळी आणायची. गॅस बंद करून चार चमचे चहा पावडर टाकायची, झाकण ठेवून तीन-चार मिनिटांत गाळायचं. जास्त मुरू दिला तर गारव्यात तुरटपणा टोचतो. गोडी मात्र कोमट असताना जरा जास्तच लागली पाहिजे, कारण थंडीत जिभेला ती कमी कळते. निवल्यावर एका लिंबाचा रस पिळायचा. तपकिरी चहा बघता बघता मधासारखा उजळतो, हा क्षण मला दरवेळी हवासा वाटतो. मग पसरट स्टीलच्या डब्यात, बोटभर उंचीचा थर करून फ्रीझरमध्ये. तासाभराने कडा गोठतात. त्या काट्याने खरवडून मधे आणायच्या आणि पुढे दर अर्ध्या तासाने तेच. तीन-चार तासांत डबाभर ओलसर, चमकदार रवा.

दुधाच्या चहाचीही कुल्फी करतात. ती वाईट नाही, पण तिच्यात दूधच बोलतं. भर दुपारी कोराच हवा: वाटीत काढून, वर पुदिन्याचं पान, लगेच खायचा.

गोठवल्याने चहातलं कॅफीन कमी होत नाही. म्हणून रात्री जेवणानंतर मुलांना द्यायचा तर चहा पावडर न घालता, नुसत्या गवती चहाचा डबा वेगळा लावतो. तोच आधी संपतो.