पर्वतदृश्याच्या पेन्सिल रेखाटनाचे वाचन

पर्वतदृश्याच्या जुन्या पेन्सिल रेखाटनातील स्थळ, काळ व चित्रकाराचे दृष्टिस्थान निश्चित करून, त्यातील प्रत्यक्ष पाहिलेला भाग कोणता व चित्रसंकेतानुसार रचलेला कोणता, हे ठरविणे म्हणजे त्या रेखाटनाचे वाचन होय. छायाचित्रण रूढ होण्यापूर्वीचा सह्याद्री व तेथील दुर्ग जाणून घेण्यासाठी अशी रेखाटने महत्त्वाचे साधन ठरतात.

पार्श्वभूमी

ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्लंडमधील ॲडिस्कोम येथील लष्करी विद्यालयात (स्थापना १८०९) छात्रांना भूदृश्यांचे रेखाटन शिकविले जाई. मोहिमेवर किंवा सर्वेक्षणावर असताना अधिकाऱ्यांना त्याचा उपयोग होत असे.

स्थळनिश्चिती

अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कळसूबाईचे शिखर (१,६४६ मीटर), हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा व रतनगडाचे नेढे या ठळक खुणा आहेत. नेढे म्हणजे कातळातील आरपार नैसर्गिक छिद्र. त्यातून पलीकडचे आकाश ठरावीक दिशांनीच दिसते. म्हणून रेखाटनात ते दिसल्यास चित्रकार कोठे बसला असावा, याचा अंदाज बांधता येतो.

काळनिश्चिती

भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्यामुळे रतनगडाच्या पायथ्याशी जलाशयाऐवजी प्रवरेचे खोरे दाखविलेले रेखाटन त्यापूर्वीचे असण्याची शक्यता वाढते. धबधबे व ढगांनी झाकलेले माथे पावसाळा सुचवितात. काही चित्रकार कागदावरच नोंदी करीत. १८७३–७५ मध्ये भारतात फिरलेले एडवर्ड लियर रेखाटनावर स्थळ, दिनांक, वेळ व रंग लिहून ठेवीत.

संकेत आणि वास्तव

सह्याद्रीतील बेसॉल्टचे थर जवळपास आडवे असल्याने येथे सपाट माथे, पायऱ्यांसारखे टप्पे व उभे कडे आढळतात. रेखाटनात आल्प्ससारख्या टोकदार शिखरांची रांग दिसल्यास युरोपीय चित्रसंकेताचा प्रभाव संभवतो. कडेला चौकटीसारखे झाड व पुढे लहानशी मानवाकृती हेही त्या काळचे रूढ संकेत होत. रेखाटनावरून पुढे छापलेल्या चित्रात असे फेरफार आणखी वाढू शकतात. म्हणून मूळ पेन्सिलरेषा अधिक विश्वसनीय मानावी.

मर्यादा

१८१८ च्या सुमारास इंग्रजांनी अनेक दुर्गांच्या वाटा व तटबंदी उद्ध्वस्त केली. त्यामुळे रेखाटनातील अखंड दरवाजा मोलाचा पुरावा ठरू शकतो. मात्र चित्रकार दृश्य पूर्ण करण्यासाठी पडका भाग भरून काढतो, तसेच असलेली वस्तू वगळतोही. रेखाटनात दरवाजा नाही, एवढ्यावरून तो अस्तित्वात नव्हता असे म्हणता येत नाही. दृष्टिस्थानावरून केलेली पाहणी व समकालीन लिखित नोंदी यांच्याशी मेळ बसल्यावरच निष्कर्ष काढणे योग्य ठरते.