बुडालेला रोज आणि सात नंबरचा खेळाडू

आज आम्ही तुम्हाला एका खेळाडूबद्दल सांगणार आहोत. खेळ आपल्या ओळखीचा नाही, आणि माणूस इंग्लंडचा. पण त्याच्या गोष्टीत बुडालेली मजुरी आहे, आजारपण आहे आणि घरात सेवा करणारी बाईही आहे.

खेळाचे नाव रग्बी लीग. तो जन्मला तोच मजुरीच्या भांडणातून. उत्तर इंग्लंडमध्ये कापड गिरण्या आणि कोळशाच्या खाणी होत्या. तिथले कामगार शनिवारी रग्बी खेळत. पण शनिवारीही काम असे. सामन्याला गेले की रोज बुडे. खेळाचा कारभार पाहणारे खाऊनपिऊन सुखी होते. खेळासाठी पैसे देणे त्यांना मान्य नव्हते. शेवटी २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड या गावी उत्तरेकडच्या क्लबांनी बैठक घेतली आणि वेगळी संघटना काढली. बुडालेल्या मजुरीपोटी खेळाडूला दिवसाला जास्तीत जास्त सहा शिलिंग द्यायचे ठरले. पुढे १८९८ मध्ये खेळाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली, पण खेळाडूला दुसरा कामधंदा असलाच पाहिजे, अशी अट होती.

आता खेळ कसा असतो ते पाहू. दोन्ही बाजूंना तेरा-तेरा गडी. चेंडू लांबट, अंड्यासारखा. तो हातात घेऊन पळायचे आणि समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. हाताने चेंडू देताना मात्र तो पुढे फेकता येत नाही, मागच्यालाच द्यावा लागतो. समोरचे गडी पळणाऱ्याला धरून पाडतात. आपल्या कबड्डीतली पकड आठवा, फक्त इथे गडी पूर्ण वेगात येऊन आदळतात. सहा वेळा पकडले गेले की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. सामना ऐंशी मिनिटांचा.

१९९६ मध्ये इंग्लंडमध्ये ‘सुपर लीग’ ही मोठी स्पर्धा सुरू झाली. खेळ हीच नोकरी झाली. पण ही नोकरी साठीपर्यंत चालत नाही. शरीर हेच भांडवल, आणि ते पस्तिशीच्या आसपास थकते.

रॉब बरो याच काळातला. लीड्स शहराच्या संघात तो २००१ मध्ये आला आणि २०१७ पर्यंत त्याच एका संघाकडून खेळला. उंची जेमतेम साडेपाच फूट. समोर शंभर किलोचे गडी. हा मुलगा चिरडून जाईल, असेच पाहणाऱ्याला वाटावे. पण तो चपळ होता. धिप्पाड गड्यांच्या हातांखालून निसटून जायचा. पाठीवर सात नंबर. आठ वेळा तो सुपर लीगच्या विजेत्या संघात होता. पस्तीस वर्षांचा झाल्यावर त्याने खेळणे थांबवले आणि तो क्लबच्या तरुण मुलांना शिकवू लागला.

दोनच वर्षे गेली. बोलताना त्याचे शब्द अडखळू लागले. डिसेंबर २०१९ मध्ये डॉक्टरांनी निदान सांगितले, मोटर न्यूरॉन डिसीज. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत नेणाऱ्या नसा या आजारात मरत जातात. हात, पाय, बोलणे, गिळणे, शेवटी श्वास, एकेक बंद पडत जाते. आजार पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. तो संसर्गाने पसरत नाही, आणि कुणाच्या करणीने तर मुळीच होत नाही. रॉबचे शरीर थांबले, पण त्याला सगळे समजत होते. डोळ्यांच्या हालचालीवर चालणाऱ्या संगणकाने तो बोलत असे.

त्याची बायको लिंडसी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे व्यायामोपचार करणारी. तीन मुले, धाकटा जेमतेम वर्षाचा. तिने नोकरी सोडली नाही. नवऱ्याला उचलणे, कपडे घालणे, भरवणे, मुलांची शाळा, रात्रीची जागरणे, हे सारे तिने केले. रॉबच्या सामन्यांचे आकडे नोंदवलेले आहेत. हिच्या रात्री कोण मोजणार?

पण ती एकटी पडली नाही. रॉबचा जुना कर्णधार केव्हिन सिनफील्ड याने डिसेंबर २०२० मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून वीस लाख पौंडांहून अधिक मदत जमवली. एक मॅरेथॉन म्हणजे बेचाळीस किलोमीटर. मे २०२३ मध्ये लीड्सच्या मॅरेथॉनमध्ये त्याने रॉबची चाकाची खुर्ची ढकलत नेली आणि शेवटची रेषा त्याला उचलून घेऊन ओलांडली. त्याच मॅरेथॉनमध्ये लिंडसीही धावली. २ जून २०२४ रोजी रॉब गेला. वय एक्केचाळीस. दुसऱ्याच दिवशी लीड्समध्ये या आजाराच्या रुग्णांसाठी त्याच्या नावाच्या केंद्राचे बांधकाम सुरू झाले.

मैत्रिणींनो, यातून दोन गोष्टी घेऊया. घरात कुणाचे बोलणे जड होऊ लागले, हातातली वस्तू सारखी निसटू लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा घास अडकू लागला, तर अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. कारणे अनेक असू शकतात, काही बरी होणारीही. डॉक्टरांना दाखवा. आणि हे सारे अचानक झाले, तर एक मिनिटही न थांबता दवाखाना गाठा, तो पक्षाघात असू शकतो.

दुसरी गोष्ट आपल्या गटाची. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारी एखादी तरी बाई गटात असेल. तिचाही रोज बुडतो, पण तो कुणाच्या वहीत चढत नाही. ती बैठकीला आली नाही तर दंड लावण्याआधी तिच्या घरी जा. आठवड्यातून एक दुपार आळीपाळीने तिच्या माणसाजवळ बसा. तेवढ्यात ती दोन तास झोपेल, नाहीतर बाजारहाट करून येईल. आपण सगळ्या मॅरेथॉन धावू शकत नाही, पण एक दुपार प्रत्येकीला देता येते. येत्या बैठकीत हा विषय नक्की काढा.